मागच्या ब्रेकवरची पाळत

मोठे दीर गाडीचं काम करायला येणार होते, त्याच्या आदल्या दिवशी आमच्या ह्यांनी मला बजावलं, "मी वाडीत असेन, चिकूचा टेम्पो भरायचाय. तू ओट्यावर बस आणि लक्ष ठेव. दादा काय काढतो, काय घालतो, सगळं बघ."

"मला त्यातलं काय कळतं?"

"कळायची गरज नाही. खोक्यातलं सामान गाडीतच गेलं पाहिजे. एवढं बघायला डोळे पुरेत."

सख्ख्या भावाबद्दल असं बोलताना त्यांनाही बरं वाटलं नसावं, कारण बोलून झाल्यावर ते उगीचच कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. दाणे मी आधीच टाकले होते.

दिरांबद्दल बोलवा होती, हे खरं. तलासरीला हायवेवरच्या एका गॅरेजात ते बरीच वर्षं कामाला होते. एक दिवस मालकाने त्यांना काढून टाकलं. लोक म्हणायचे, गिऱ्हाइकाच्या गाडीत नवा भाग घालतो म्हणून सांगतात, जुनाच पुसून परत बसवतात आणि नवा बाहेर देऊन टाकतात. कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. दीर म्हणत, खोटं आहे. पण तेव्हापासून त्यांना कुठल्या गॅरेजात कुणी उभं करीना. ते सायवनला घरीच असायचे आणि कुणी बोलावलं तर त्याच्या दारात जाऊन काम करून यायचे.

आता तलासरीतलाच दुसरा एक गॅरेजवाला त्यांना घ्यायला तयार झाला होता. आमचे हे रोज सकाळी चार शिक्षिकांना डहाणू स्टेशनवरून तलासरीच्या आतल्या शाळांवर सोडतात, म्हणून तो ह्यांना ओळखतो. त्याने ह्यांना सांगितलं, "तुमच्या गाडीचे मागचे ब्रेक बदलायचेत ना? तुमच्या भावालाच करू द्या. आठ दिवस चालवा आणि मला येऊन सांगा. तुम्ही बरं म्हणालात तर मी त्यांना कामावर घेतो." म्हणजे आमची गाडी ही दिरांची परीक्षा होती, आणि ती परीक्षा नरपडला आमच्या अंगणात होणार होती.

दीर सकाळी आठलाच आले. आमच्या घरात सून मोठ्या दिराशी बोलत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि तोवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते आले की पदर पुढे घ्यायचा आणि आत सरकायचं. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते दुसऱ्या कुणाला तरी सांगतात. दुसरं कुणी नसलं तर कोंबडीला.

"काय गं कोंबडे," पान्यांची पिशवी खाली ठेवत ते म्हणाले, "या घरात चहा मिळतो, का नुसतंच टकमक बघतात?"

मी चहा ओट्याच्या कडेला ठेवला आणि मागे सरकले. त्यांनी एक घोट घेतला. "वाडी चिकूची आणि चहा बिनसाखरेचा. मालकिणीला सांग हो, गोड खाऊन कुणी मरत नाही."

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. हसवता हसवता हा माणूस आपली नजर दुसरीकडे वळवील, असं मला वाटलं. मी चिकूची टोपली पुढ्यात घेतली, पिकलेले आणि कच्चे वेगळे करत बसले, आणि चेहरा वर न करता बघत राहिले.

ह्यांनी वापीहून तीन खोकी आणली होती. दोन मोठ्या चपट्या खोक्यांत डिस्क होत्या. डिस्क म्हणजे चाकाच्या आत बसणारी लोखंडी गोल थाळी. तिसऱ्या लहान खोक्यात चार पॅड. ब्रेक दाबला की हे पॅड त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. ह्यांनी मला रात्री एवढं समजावलं होतं. आमचे जुने पॅड इतके झिजले होते की ब्रेक लावल्यावर मागून भांडं खरवडल्यासारखा आवाज यायचा.

दिरांनी पुढच्या चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर उचलली, खाली चिऱ्याचे दगड रचले आणि मागची दोन्ही चाकं काढली. पॅडना दाबणारा जो भाग असतो, कॅलिपर, तो सोडवून त्यांनी तारेने वर बांधून ठेवला. जुनी डिस्क गंजाने इतकी चिकटली होती की हातोडीने ठोकून काढावी लागली. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. निघालेल्या डिस्कवर खोल चरे होते आणि कडेला बोटाला लागेल असा काठ राहिला होता.

मग त्यांनी लहान खोकं उघडलं आणि चार पॅड गोणपाटावर मांडले. मी मान न हलवता पाहिले. दोन पॅडना कडेला पत्र्याची एक बारीक जीभ होती. दोनांना नव्हती. एका खोक्यातले चार पॅड सारखे नकोत का? माझ्या मनात आलं, दोन नवे आणि दोन यांनी पिशवीतून आणलेले. पिशवीत हात घालताना मला दिसले नव्हते, पण चहा आणायला मी आत गेलेच होते. तेवढा वेळ पुरे होता.

नंतर त्यांनी नवी डिस्क बाहेर काढली. तिच्यावर तेलाचा पातळ थर होता. बाटलीतलं पेट्रोल फडक्यावर घेऊन त्यांनी तो थर खसाखसा पुसून काढला. एक बाजू, दुसरी बाजू, परत पहिली बाजू. फडक्याला तेल लागायचं थांबेपर्यंत पुसत राहिले. मला ते मुळीच पटलं नाही. कारखानदाराने तेल लावून पाठवलेली वस्तू हा माणूस कोरडी का करतोय? आमच्याकडे नवा कोयता आणला की त्याच दिवशी खोबरेल चोळून ठेवतात. विळीच्या पात्यालाही तसंच. नाहीतर दुसऱ्या सकाळी त्यावर तांबूस फुलं उठलेली असतात. मला वाटलं, ही डिस्क लवकर गंजावी आणि पुन्हा यांनाच बोलावणं यावं, म्हणून हे चाललंय.

दोन्ही डिस्क जागेवर बसल्या. पण कॅलिपरच्या आतला दट्ट्या, ज्याला पिस्टन म्हणतात, तो मागे जाईना. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा व्हायला तो आत ढकलावा लागतो. दिरांनी शिकंजा लावून दाबला, शिवी घातली, पुन्हा दाबला.

"हा फिरवून आत जाणारा निघाला," ते कोंबडीकडे बघत म्हणाले. "त्याचं हत्यार माझ्याकडे नाही. डहाणूला एकाकडे आहे, घेऊन येतो. सांग घरात, तासाभरात येतो. आणि ही मांजर त्या पॅडवर बसू देऊ नको म्हणावं."

पिशवी खांद्याला अडकवून ते निघाले. हत्यार आणायला चाललेल्या माणसाने भरलेली पिशवी कशाला न्यावी? मी फाटकापर्यंत त्यांची पाठ बघितली आणि मग अंगणात उतरले. पॅड मोजले. चार होते. डिस्क हाताने हलवून पाहिल्या. त्याच होत्या, चकचकीत. वारा पश्चिमेचा होता. उघड्या कोरड्या लोखंडावर तो वारा लागताना मला बघवेना. मी आत गेले, खोबरेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा आणला आणि दोन्ही डिस्कना दोन्ही बाजूंनी तेल चोळलं. फार नाही, कोयत्याला लावते तेवढंच. वर बोट फिरवून पाहिलं, सगळीकडे लागलं होतं. जास्तीचं ओघळू नये म्हणून कोरड्या फडक्याने वरवर टिपून घेतलं. लोखंड पहिल्यासारखंच चमकत होतं.

दीर परत आले. नव्या हत्याराने पिस्टन फिरवून आत घातला, पॅड बसवले, कॅलिपर आवळले, चाकं चढवली. गाडीत बसून ब्रेक बराच वेळ दाबला आणि सोडला. हँडब्रेक ओढून गाडीला मागून खांदा लावला. गाडी हलली नाही. जुन्या डिस्क आणि जुने पॅड त्यांनी गोणपाटावर नीट मांडून ठेवले.

"कोंबडे, जुनं सामान इथेच आहे हो. मोजून घ्यायला सांग."

म्हणजे आपल्यावर नजर होती हे त्यांना कळलं होतं. माझी कानशिलं तापली. पण त्याने माझा संशय कमी झाला नाही. जुनं सामान मांडून ठेवणाऱ्याला नवं दडवणं सोपं जातं, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "काय बघितलंस?"

मी पत्र्याच्या जिभेचं सांगितलं. पेट्रोलचं सांगितलं. पिशवीचं सांगितलं. तेलाचं सांगितलं नाही. लपवलं नाही, सुचलंच नाही. कोयत्याला तेल लावलं हे कुणी नवऱ्याला सांगत बसत नाही.

हे म्हणाले, "बघू. चालवल्यावर कळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शिक्षिकांना घेऊन तलासरीला गेले. पुढचे ब्रेक चांगले होते, त्यामुळे वाटेत काही जाणवलं नाही. शेवटची शाळा चढावर आहे. हे रोजच्यासारखे तिथे थांबले, हँडब्रेक ओढला आणि डिकीतून वह्यांचे गठ्ठे काढून द्यायला खाली उतरले. शेवटच्या बाई अजून दारात होत्या, एक पाय आत आणि एक बाहेर, तेवढ्यात गाडी मागे घसरू लागली. हे ओरडले. बाईंनी अंग बाहेर टाकलं. गाडी शेताच्या बांधाला जाऊन टेकली म्हणून थांबली. बाईंचे दोन्ही तळहात खडीवर सोलवटले. त्यांच्या वर्गातली मुलं शाळेच्या फाटकात उभी राहून बघत होती.

परतताना हे रागाने थेट त्या गॅरेजवाल्याकडे गेले आणि म्हणाले, "भाऊ माझा असला तरी खोटं बोलणार नाही. हँडब्रेक धरत नाही. घेऊ नका त्याला."

हे सगळं त्यांनी मला दुपारी अंगणात उभ्याउभ्याच सांगितलं. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं ना, ते दोन पॅड वेगळे होते." मला भीती वाटत होती, पण खोटं का सांगू, आपला अंदाज बरोबर निघाला याचं थोडं समाधानही वाटलं.

फोन केल्यावर दीर तासाभरात आले. या वेळी कोंबडीशी बोलले नाहीत. आल्याआल्या जॅक लावला.

"दादा, आधी हे सांग," हे म्हणाले, "चारपैकी दोन पॅडना पत्रा आहे आणि दोनांना नाही. ते दोन कुठून आणलेस?"

दीर वळले. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगितलं कुणीतरी."

"अरे, पॅड संपत आला की तो पत्रा डिस्कला घासून किंचाळतो, तुला कळावं म्हणून. तो आतल्या बाजूच्या पॅडलाच असतो. कुठल्याही दुकानात जा, नवं खोकं उघडून बघ. तुझ्या जुन्या पॅडना पण आहे, ते बघ पडलेत तिथे." त्यांनी गोणपाटाकडे बोट केलं. "मी मांडून ठेवलेत ते कशाला? आरतीला?"

ह्यांनी जुने पॅड उचलून पाहिले. दोनांना पत्र्याची जीभ होती. ह्यांनी ते परत गोणपाटावर टाकले, पण आवाज खाली आला नाही. "मग गाडी का घसरली?"

"तेच बघतोय. जरा शांत राहशील?"

चाक निघालं, पॅड निघाले. दिरांनी एका पॅडवरून नख फिरवलं. पॅडचा रंग ओल्या मातीसारखा गडद झाला होता. त्यांनी तो नाकाशी नेला आणि थांबले. पुन्हा वास घेतला.

"तेल आहे," ते हळूच म्हणाले.

"तूच गळवलं असशील काहीतरी! ब्रेकचं तेल!"

"ब्रेकचं नाही."

"मग कसलं?"

दिरांनी पॅड खाली ठेवला. त्यांची नजर ओट्याकडे आली, माझ्या पायांपर्यंत आली आणि परत गेली. "माहीत नाही," ते म्हणाले.

मी ओट्यावर होते आणि मला तिथून वास येत नव्हता, पण त्या एका नजरेने मला सगळं दिसलं. बाटली, लुगड्याचा तुकडा, माझा हात. त्यांना कळलं होतं. आणि तरी ते "माहीत नाही" म्हणाले. त्याही क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की हा माणूस हे का दडवतोय? पुढे कधीतरी माझ्यावर काढायला ठेवतोय का?

हे बोलतच सुटले होते. "लोक बोलायचे तेव्हा मी तुझ्या बाजूने भांडलो, दादा. आज त्या बाईंच्या पायावरून चाक गेलं असतं तर? सामान चांगलं आणून दिलं, ते पण तुला धड बसवता येऊ नये? पुन्हा माझ्या गाडीला हात लावू नको."

दीर पाने गोळा करून पिशवीत घालू लागले. एकेक पाना फडक्याने पुसून. मी त्यांचे हात बघत होते. ते गेले असते तर बोलायची गरजच उरली नसती.

"तेल मी लावलं," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही असं वाटलं. ह्यांनी वळून पाहिलं. "काय?"

"खोबरेल. दादा हत्यार आणायला डहाणूला गेले होते तेव्हा. दोन्ही डिस्कना. गंजू नयेत म्हणून."

ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, ब्रेकला तेल? ब्रेकला?"

"कोयत्याला लावतो ना आपण."

"कोयत्याने गाडी थांबवायची असते का?"

दीर पिशवीवर हात ठेवून खाली बघत हसले. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा बोलली," ते म्हणाले, "आणि बोलली ते काय, तर तेल मी लावलं." या वेळी ते कोंबडीला सांगत नव्हते. कुणाला सांगत होते, तेही नक्की नव्हतं.

डिस्क पेट्रोलने पुसून वाचल्या. पॅड मात्र तेल प्यालेले होते, ते फेकावे लागले. ह्यांनी दुसऱ्या दिवशी शिक्षिकांना गाडी नाही म्हणून कळवलं आणि वापीहून नवे पॅड आणले. दिरांनी ते बसवले तेव्हा मी आतच राहिले. पण गॅरेजवाल्याचं राहिलंच होतं. हे म्हणाले, "मी फोन करून सांगतो, काहीतरी गळती होती म्हणून."

"गळती म्हटलं तर ती दादांचीच चूक धरतील," मी म्हटलं.

"मग काय सांगू? बायकोने तेल चोपडलं म्हणून? तो गावभर करील."

मला गावभर होणं नको होतं. मी बाजारात भावाची घासाघीससुद्धा करत नाही, ठरलेल्या बाईकडून घेते आणि येते. पण ह्यांनी फोनवर अडखळत सांगितलं असतं आणि त्या माणसाला वाटलं असतं की भाऊ भावाला झाकतोय. मी म्हटलं, "मी येते. मी सांगते."

दिरांनाही बरोबर घेऊन आम्ही गेलो तेव्हा तलासरीच्या त्या गॅरेजात सहा-सात माणसं होती. मी गाडीतून उतरले आणि दाराला धरून उभी राहिले. मालक पुढे आला. मी त्याच्या चपलांकडे बघून सगळं सांगितलं. पेट्रोलने पुसलेलं मला पटलं नाही, मी कोयत्याला लावतात तसं खोबरेल लावलं, दिरांना ते माहीत नव्हतं.

एक जण गाडीखालून ओरडला, "वहिनी, पुढच्या वेळी मोहरी पण टाका!" सगळे हसले. मालकही हसला. मग थांबून त्याने दिरांना विचारलं, "तुम्हाला वासाने कळलं असेलच. मग तेव्हाच का नाही बोललात?"

दीर म्हणाले, "बोलून काय? खोबरेल घरात कुणाच्या हातात असतं ते सगळ्यांना कळतं. मी तिचं नाव घेतलं असतं तर हा म्हणाला असता, स्वतःचं झाकायला माझ्या बायकोवर ढकलतोस. माझं कोण खरं मानतं?"

मालकाने मान हलवली. "सोमवारपासून या," तो म्हणाला. "पण सामानाच्या कपाटाची चावी माझ्याकडेच राहील. चालेल?"

"चालेल," दीर म्हणाले. ते लगेच म्हणाले, जरासुद्धा न थांबता, आणि मला ते ऐकून वाईट वाटलं.

परतताना दोघे भाऊ पुढे बसले आणि मी मागे. दिरांना सायवनच्या फाट्यावर सोडायचं होतं. उधव्याच्या पुढे गेल्यावर ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि चेष्टेने विचारलं, "काय, आता तरी बसला का विश्वास दादावर?"

दीर ऐकत होते. जुन्या गॅरेजात काय झालं होतं ते मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही माहीत नाही. मी म्हटलं, "आपल्या गाडीपुरता बसला."

हे गोरेमोरे झाले. दिरांनी मात्र मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एवढा पुरे आहे."